वाचकांचे प्रश्न : बँकॉकचा राजवाडा, होई आनचे शिंपी आणि क्योतोची गर्दी

या वेळच्या पत्रांत थायलंड, व्हिएतनाम आणि जपानबद्दलचे प्रश्न सर्वात जास्त आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत. तिकिटांचे दर आणि वेळा अधूनमधून बदलतात, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात त्या त्या ठिकाणच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

प्रश्न : आई-बाबांना घेऊन बँकॉकला जातोय. दोघंही सत्तरीच्या आसपास, बाबांचे गुडघे दुखतात. ग्रँड पॅलेस, वाट फो आणि वाट अरुण (‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर) एका दिवसात होईल का? शिवाय तिथे ‘आज राजवाडा बंद आहे’ असं सांगून फसवतात म्हणे. खरं आहे का?

एका दिवसात होईल, पण क्रम चुकला तर आई-बाबांचे हाल होतील. बँकॉकचं ऊन अंगावर येतं आणि राजवाड्याच्या आवारात सावली फार कमी आहे. तिकीट खिडकी सकाळी साडेआठला उघडते आणि दुपारी साडेतीनला बंद होते. तुम्ही सव्वाआठलाच दारात असायला हवं. दहानंतर मोठ्या सहलींच्या बसेस येतात आणि मग मंदिराच्या दारात चपला काढायलाही रांग लागते. परदेशी पाहुण्यांना तिकीट ५०० बात आहे.

तिथवर पोचायला टॅक्सीपेक्षा नदी बरी. स्कायट्रेनने सफान ताक्सिन स्टेशनला उतरा. जिना उतरलात की समोरच साथोर्नचा धक्का आहे. तिथून नारिंगी झेंड्याची बोट पकडा. कितीही अंतर गेलात तरी भाडं १६ बात. राजवाड्यासाठी था चांग धक्क्यावर उतरायचं. साथोर्नच्याच धक्क्यावर पर्यटकांसाठीच्या महागड्या बोटींचीही तिकिटं विकतात, म्हणून रांगेत उभं राहण्याआधी झेंड्याचा रंग पाहा. बोट धक्क्याला जेमतेम अर्धा मिनिट टेकते आणि हलत असते. बाबांना आधी चढवा, मागून तुम्ही चढा. बोटीवर चढणं-उतरणं जमणारच नसेल तर मेट्रोने सनाम चाई स्टेशन गाठा. तिथून वाट फो अगदी जवळ आहे, राजवाड्याला मात्र पंधरा मिनिटं चालावं लागतं.

कपड्यांबाबत राजवाडा कडक आहे. बिनबाह्यांचे कपडे, हाफ पँट, फाटक्या जीन्स, अंगाला चिकटलेल्या लेगिंग्ज, पारदर्शक कापड यांपैकी काहीच चालत नाही. खांद्यावर ओढणी घेऊन काम भागेल असं बऱ्याच जणींना वाटतं. इथे ते भागत नाही, बाह्यांचाच कपडा हवा. आईंनी साडी नेसली तर ब्लाउज बाह्यांचा असू द्या.

आत गेल्यावर बहुतेक लोक थेट पाचूच्या बुद्धाकडे धावतात. मूर्ती ६६ सेंटीमीटर उंचीची आहे आणि खूप उंचावर बसवलेली आहे, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती लहान वाटते. ‘पाचूचा’ म्हणतात, पण दगड पाचूचा नाही, हिरवा जेड आहे. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा यांसाठी तिचे तीन वेगळे पोशाख आहेत आणि ऋतू बदलताना राजा स्वतः ते बदलतो. गाभाऱ्यात फोटो काढू देत नाहीत. बसताना पाय मूर्तीच्या दिशेने पसरू नका, मागे दुमडून घ्या.

पण आमच्या मते या आवारातलं खरं वैभव भिंतींवर आहे. मंदिराभोवतीच्या ओवरीत १७८ चित्रांमध्ये रामकियन, म्हणजे थाई रामायण, रंगवलेलं आहे. आई-बाबांना इथे कुणी काही समजावून सांगायची गरज पडणार नाही. उत्तरेच्या बाजूने सुरुवात करा आणि प्रदक्षिणेच्या दिशेने चाला. पहिल्याच चित्रात जनकाला सीता सापडते. पांढरा वानर दिसला की तो हनुमान, हिरव्या अंगाचा दशमुखी तो थोसाकान, म्हणजे रावण. एक गोष्ट मात्र आईंना आधी सांगून ठेवा. इथला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना रावणाची मुलगी, मत्स्यकन्या सुवन्नमच्छा, दगड पळवून नेते, हनुमान तिच्या मागे पाण्यात उतरतो आणि तिच्या प्रेमात पडतो. ओवरीला छप्पर आहे, फरशी सपाट आहे आणि गर्दी कमी असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सगळ्या राजवाड्यात इतकी सोयीची जागा दुसरी नाही. इथे निदान पाऊण तास द्या.

साडेदहापर्यंत बाहेर पडा आणि वाट फोला जा. तिकीट ३०० बात. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. लोक चेहऱ्याचा फोटो काढतात आणि निघतात, तुम्ही तळव्यांपर्यंत जा. शिंपल्यातल्या मोत्याचा पापुद्रा जडवून तिथे १०८ शुभचिन्हं काढली आहेत. मूर्तीच्या पाठीमागे काशाची १०८ भांडी ओळीने मांडलेली आहेत. दारात सुट्या नाण्यांची वाटी विकत मिळते. एकेका भांड्यात एकेक नाणं टाकत पुढे जायचं. जेवण आणि विश्रांती इथेच आसपास उरका.

वाट अरुण दुपारी चारनंतर ठेवा. था तियेन धक्क्यावरून पलीकडे जाणारी छोटी नाव आहे. मधल्या मनोऱ्याच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, बाबांनी चढू नये. खालून पाहण्यातही खूप काही आहे. सगळा मनोरा चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेला आहे आणि तिरप्या उन्हात तो सुरेख दिसतो.

आता फसवणुकीबद्दल. हो, खरं आहे, आणि अजूनही रोज चालतं. राजवाड्याच्या भिंतीपाशी नीटनेटक्या कपड्यांतला, कधी गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस येतो. ‘आज सकाळी राजघराण्याची पूजा आहे, दुपारी उघडेल, तोवर वीस बातमध्ये टुकटुकने चार मंदिरं पाहून या’ असं गोड बोलून सांगतो. टुकटुक मंदिरानंतर रत्नांच्या किंवा सुटांच्या दुकानात थांबते, कारण चालकाला तिथून दलाली किंवा पेट्रोलची कुपनं मिळतात. राजसमारंभासाठी राजवाडा कधी कधी खरोखरच बंद असतो, पण ती सूचना संकेतस्थळावर आणि मुख्य दरवाजावर असते, रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडी नसते. कुणी काही सांगितलं तरी थांबू नका, ना फ्रा लान रस्त्यावरच्या मुख्य दारापर्यंत चालत जा आणि आपल्या डोळ्यांनी पाहा.

प्रश्न : थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरताना संकेतस्थळाने शुल्क मागितलं. किती असतं?

शून्य. १ मे २०२५ पासून हे कार्ड सक्तीचं आहे, पण सरकारी संकेतस्थळावर ते फुकट भरता येतं. शुल्क मागणारं संकेतस्थळ दलालाचं असतं. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच ते भरायचं आहे. मुलांचंही वेगळं भरावं लागतं. भरल्यावर आलेला क्यूआर कोड फोनमध्ये जपून ठेवा, शिवाय एक छापील प्रतही काढा.

प्रश्न : बँकॉकच्या चायनाटाऊनमध्ये सोनं चांगलं मिळतं, असं वहिनी म्हणतात. लेकीच्या लग्नासाठी साखळी घ्यावी का? आणि नीलम, माणिक?

सोनं आणि खडे यांचं उत्तर एक नाही, म्हणून वेगवेगळं सांगतो.

सोन्याचा व्यवहार तिथे बराच स्वच्छ आहे. यावरात रस्त्यावर लाल रंगाने नटलेली सोन्याची दुकानं ओळीने आहेत. थाई दागिन्याचं सोनं ९६.५ टक्के शुद्ध असतं, म्हणजे आपल्या २२ कॅरेटपेक्षा (९१.६ टक्के) जास्त. वजनाचं माप ग्रॅम नाही, ‘बात’ आहे. चलनाचं आणि वजनाचं नाव एकच असल्यामुळे पहिल्यांदा घोटाळा होतो. दागिन्याचं एक बात सोनं म्हणजे १५.१६ ग्रॅम. त्याचा चौथा भाग म्हणजे एक सलुंग, साधारण ३.७९ ग्रॅम. दुकानात फळ्यावर त्या दिवसाचे दोन भाव लिहिलेले असतात, एक दुकानदार विकतो तो आणि एक तो परत घेतो तो. दागिना घेताना विक्रीच्या भावावर घडणावळ चढते, तिला गाम्नेत म्हणतात. भावात घासाघीस होत नाही, घडणावळीत थोडी होते. म्हणून आधी विचारायचं ते हेच : या साखळीची घडणावळ किती?

दोन अडचणी आहेत. ९६.५ टक्के सोनं मऊ असतं, त्यामुळे नाजूक कडीची साखळी रोजच्या वापरात ओढली जाते. रोज घालायची असेल तर भरीव कडीची घ्या. दुसरं म्हणजे, त्यावर भारतातला हॉलमार्क नसतो. इथे विकायला गेलात तर सराफ तपासणी करून वजनात घट धरणारच. पावती जपून ठेवा आणि परतताना कस्टमला दागिना जाहीर करा. घडणावळ आणि सीमाशुल्क धरून हिशेब केला, तर फायदा वाटतो तितका राहत नाही. वेगळ्या घडणीची आवड म्हणून घ्या, गुंतवणूक म्हणून नको.

खड्यांपासून मात्र दूर राहा. चांगला नीलम तिथे मिळत नाही असं नाही. थायलंडमधलं चांथाबुरी हे जगातल्या मोठ्या रत्नबाजारांपैकी एक आहे. पण माणिक आणि नीलम भट्टीत तापवून रंग सुधारण्याचं काम तिथे मोठ्या प्रमाणावर चालतं. नुसता तापवलेला खडा वेगळा आणि भेगांत काच भरलेला वेगळा, दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि भिंगाची सवय नसलेल्या डोळ्याला तो दिसत नाही. घ्यायचाच असेल, तर बँकॉकमधल्या थायलंडच्या रत्न व आभूषण संस्थेच्या प्रयोगशाळेतून दाखला मिळाल्यावरच पैसे देईन, ही अट घाला. दुकानदार तयार नसेल तर उठा. ‘आज सरकारी सेलचा शेवटचा दिवस’ आणि ‘तुमच्या देशात दुप्पट भावाने विकाल’ ही दोन वाक्यं ऐकलीत की पुढे काही ऐकायची गरज नाही.

प्रश्न : बँकॉकच्या चतुचक बाजारात काय घ्यावं, आणि टॅक्स परत कसा मिळतो?

चतुचक शनिवार-रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा असतो. २७ विभाग आणि हजारो गाळे, त्यामुळे ‘सगळं पाहू’ असं ठरवून गेलात तर काहीच पाहून होत नाही. मेट्रोच्या खाम्फेंग फेत स्टेशनचा जिना थेट बाजारातच निघतो. नऊला पोचा आणि साडेअकराला निघा, त्यानंतर पत्र्याखाली उकाडा असह्य होतो. मधोमध घड्याळाचा मनोरा आहे. चुकामूक झाली तर तिथे भेटायचं, हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

‘परत येताना घेऊ’ असं इथे म्हणू नका, तो गाळा पुन्हा सापडत नाही. प्रत्येक गाळ्यावर विभाग, गल्ली आणि गाळा यांचे क्रमांक असतात, त्या पाटीचा फोटो काढून ठेवा. चित्रांसाठी सातवा विभाग पाहा. भाव करताना निम्म्यावर सुरुवात करू नका, ते तिथे उद्धटपणाचं वाटतं. तीन-चार नग एकत्र घेतले की दहा-वीस टक्के सहज उतरतात. आवाज चढवला की भाव उतरायचा थांबतो.

रेशीम बाजारापेक्षा चांगल्या दुकानातून घ्यावं. थाई रेशमावर सरकारी मोराची खूण असते. सोनेरी मोर म्हणजे देशी किड्याचं, हाताने सूत काढून हातमागावर विणलेलं पारंपरिक रेशीम. रुपेरी आणि निळा मोर हेही शुद्ध रेशीम, हिरवा मोर म्हणजे मिश्र धागा. मोर नसलेलं सगळंच खोटं असतं असं नाही, पण ‘शुद्ध रेशीम’ म्हणून शंभर बातला मिळणारा स्टोल पॉलिस्टरचाच असतो.

टॅक्स परताव्याची गोष्ट अशी. थायलंडमध्ये सात टक्के व्हॅट आहे. ‘व्हॅट रिफंड’ची पाटी असलेल्या एकाच दुकानात एका दिवसात किमान २,००० बातची खरेदी हवी. चतुचकचे गाळे यात बसत नाहीत, मॉल बसतात. खरेदीच्या वेळी मूळ पासपोर्ट दाखवून पीपी १० हा फॉर्म मागून घ्या, नंतर मागितला तर मिळत नाही. लोक चुकतात ते विमानतळावर. सामान चेक-इनला दिल्यानंतर शिक्का घ्यायला जातात आणि वस्तू बॅगेत बंद झालेल्या असतात. खरेदी मोठी असेल तर आधी कस्टमचा शिक्का, मग चेक-इन, मग इमिग्रेशनच्या पलीकडे पैसे. सात टक्के पूर्ण परत मिळत नाहीत, सेवाशुल्क कापलं जातं. तीन हजार बातच्या खरेदीसाठी अर्धा तास रांगेत उभं राहायचं का, ते तुम्ही ठरवा. आमच्या मते नको.

प्रश्न : बुद्धाची पितळी मूर्ती देव्हाऱ्याशेजारी ठेवायला आणायची आहे. चालेल ना?

थायलंडमधून नाही. बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललितकला विभागाची परवानगी लागते, आणि पर्यटकाच्या चार दिवसांत ती मिळवणं अवघड आहे. गळ्यात घालायचा छोटा ताईत चालतो. नुसतं बुद्धाचं मस्तक शोभेसाठी घेणं तर त्या लोकांना फार लागतं, विमानतळाच्या रस्त्यावर तसे फलकच लावलेले आहेत. दुकानदार विकतो म्हणजे नेता येतं, असा अर्थ काढू नका.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. थायलंड आणि व्हिएतनाममध्ये दहा दिवस कसे काढायचे?

सासूबाईंची सोय तुमच्यापेक्षा सोपी आहे. थायलंडमध्ये ‘जे’ नावाचं बौद्ध-चिनी पद्धतीचं जेवण मिळतं. त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षरं, ही त्याची खूण. पाकीटबंद पदार्थांवरही तीच दोन अक्षरं असतात. फोनमध्ये त्याचं चित्र ठेवा आणि दुकानात तुलना करून घ्या. ‘गिन जे’ म्हणजे मी ‘जे’ जेवण खातो, एवढं सांगितलं की काम होतं. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नऊ दिवस जे-उत्सव असतो. त्या काळात यावरात आणि फुकेतमध्ये गल्लोगल्ली हे जेवण मिळतं.

नुसतं ‘व्हेज’ म्हणून सांगितलं तर मात्र फसाल. स्वयंपाक्याच्या लेखी भाज्या घातल्या म्हणजे व्हेज झालं. नाम प्ला, म्हणजे माशांचं पाणी, तिथे आपल्याकडच्या मिठासारखं वापरतात. ग्रीन करीच्या वाटणात बहुधा कोळंबीची चटणी आधीच कुटलेली असते, ती नंतर काढता येत नाही. पपईच्या सोम तमच्या कोशिंबिरीत सुका जवळा असतो. म्हणून करी सोडा आणि समोर बनणारा पदार्थ मागा : भाज्या, टोफू, सोया सॉस, आणि ‘माय साय नाम प्ला’ हे आवर्जून सांगा. ‘जे’च्या ताटात हुबेहूब मांसासारखे दिसणारे तुकडे असतील तर घाबरू नका, ते सोया किंवा गव्हाच्या सत्त्वाचे असतात.

व्हिएतनाममध्ये पाटीवर रोमन अक्षरांत ‘सी-एच-ए-वाय’ दिसलं की आत जा. उच्चार ‘चाय’ असा होतो आणि अर्थ शाकाहारी. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध कुटुंबं शाकाहार पाळतात, त्यामुळे त्या दिवशी ही दुकानं भरलेली असतात आणि पदार्थही जास्त असतात. साध्या हॉटेलातला ‘व्हेज फो’ (फो म्हणजे रश्श्यातल्या शेवया) टाळा. वर भाज्या असल्या तरी खालचा रस्सा हाडांचाच असतो.

प्रश्न : व्हिएतनामच्या होई आन गावात सूट आणि ड्रेस शिवून घ्यायचे आहेत. चोवीस तासांत शिवून देतात असं वाचलं. त्यावर भरवसा ठेवावा का?

शिवून देतात, पण अंगात नीट बसेलच याची खात्री चोवीस तासांत देता येत नाही. तीन रात्री हातात असतील तरच सूट शिवा. पहिल्या दिवशी माप आणि कापड, दुसऱ्या दिवशी पहिली फिटिंग, तिसऱ्या दिवशी दुसरी, आणि चौथ्या दिवशी सकाळी कपडे हातात. एकच रात्र असेल तर कुर्ता, शर्ट किंवा सरळ स्कर्ट एवढंच घ्या.

दुकानं शेकडो आहेत. बरेच दुकानदार फक्त माप घेतात, शिवण गावातल्या कुठल्या तरी घरगुती कारखान्यात होते. त्यात गैर काही नाही, पण म्हणूनच दुसऱ्या फिटिंगला मूळ माप घेणारा माणूस हजर असावा, हे आधीच ठरवून घ्या.

कापड ओळखायची रीत अशी. कडेचे चार धागे उपसून मागा आणि पेटवा. लोकर किंवा रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि मागे काळी राख उरते, ती चिमटीत भुगा होते. पॉलिस्टर जळताना वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. सूती धागा कागदासारखा जळतो आणि करडी, हलकी राख उरते. मिश्र कापडात राखेतच बारीक कडक खडे लागतात. दुकानदार हसून लायटर पुढे करतो, कारण हे तिथे नेहमीचं आहे. काचकूच करत असेल तर समजा. पसंत केलेल्या ताग्याचा बोटभर तुकडा कापून पावतीला टाचून घ्या. तागा पसंत करावा एक आणि शिवून यावा त्याच रंगाचा स्वस्त दुसरा, ही तक्रार सर्वात जास्त येते, आणि तुकडा हातात असला की वादच उरत नाही.

कोट पाहताना कॉलरच्या खालच्या भागात, पहिल्या बटणाच्या वर, पुढचं आणि मागचं कापड दोन बोटांत धरून हलकेच अलग ओढा. मध्ये तिसरा सुटा थर हाताला लागला तर आत कॅनव्हास शिवलेला आहे. लागला नाही तर अस्तर गोंदाने चिकटवलेलं आहे. असा कोट सुरुवातीला छान दिसतो, पण काही धुलायांनंतर छातीवर फोड येऊ शकतात. चिकटवलेला स्वस्त असतो आणि वर्षातून दोनदा घालायचा असेल तर पुरेसा आहे. फक्त कॅनव्हासचे पैसे देऊन तो घेऊ नका.

फिटिंगला आरशासमोर ताठ उभं राहून निर्णय देऊ नका. खाली बसा, हात पुढे करा, डोक्यावर न्या, फोन कानाला लावा. पाठीत आडव्या घड्या पडल्या तर पाठ घट्ट आहे, काखेखाली उभी घडी पडली तर सैल. बाही सुट्या हाताच्या मनगटाच्या हाडापर्यंत यावी. कमरेच्या आणि बाजूच्या शिवणीत आत निदान दोन सेंटीमीटर कापड शिल्लक ठेवायला सांगा. अंग वाढलं तर इथला शिंपीही उसवून देईल. कापड कापून टाकलेलं असेल तर कुणीच काही करू शकत नाही.

ड्रेससाठी फोनमधला फोटो दाखवणं पुरेसं नाही. फोटोतला ड्रेस जॉर्जेटचा आणि तुम्ही निवडलेलं कापड जाड सूती असेल, तर तो पडणार नाही तसा, फुगून उभा राहील. त्यापेक्षा तुम्हाला चांगला बसणारा एक कपडा सोबत न्या आणि तो नमुना म्हणून द्या. साडीचा ब्लाउज शिवायचा असेल तर नमुना हवाच, तिथल्या शिंप्यांना कटोरीची सवय नसते. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले शेवटच्या फिटिंगनंतर.

शिवण चालू असताना गाव पाहायला भरपूर वेळ मिळतो. जुन्या गावाला १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. १,२०,००० डोंगच्या (डोंग हे व्हिएतनामचं चलन) तिकिटात यादीतल्या पाच वास्तू निवडून पाहता येतात. जुन्या व्यापाऱ्याचं एक घर, एक चिनी सभागृह आणि जपानी पूल या तिघांना पहिली पसंती द्या. चांद्र महिन्याच्या १४ व्या रात्री, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या आदल्या रात्री, गावातले विजेचे दिवे मालवून आकाशकंदील लावतात. जमलं तर तारीख त्याप्रमाणे धरा, पण कपड्यांची फिटिंग त्या संध्याकाळी ठेवू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नदीचं पाणी गल्ल्यांत शिरतं, ते दोन महिने टाळलेले बरे.

प्रश्न : व्हिएतनामच्या नोटांत गोंधळ होतो. काही युक्ती?

सर्व नोटांवर पुढून हो चि मिन्ह आहेत, म्हणून चेहरा पाहून उपयोग नाही. सर्वात घातक जोडी २०,००० आणि ५,००,००० डोंगची. दोन्ही निळ्या. संध्याकाळी टॅक्सीत एकाऐवजी दुसरी गेली की पंचवीस पट पैसे गेले. ५,००,०००ची नोट दीड सेंटीमीटरने लांब असते, आणि २०,०००च्या पाठीवर होई आनचा जपानी पूल आहे. ५,००,०००च्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, टॅक्सीत तो कप्पा उघडूच नका. भावफलकावर ५० आणि पुढे ‘के’ लिहिलेलं असेल तर ते ५०,००० डोंग.

प्रश्न : क्योतोत फक्त दोन दिवस आहेत. फुशिमी इनारीच्या कमानींत माणसांशिवाय फोटो मिळेल का? आणि कुठे काय करू नये?

मिळेल, पण दोनच प्रकारे : सकाळी सातच्या आत, किंवा चढ चढून. फुशिमी इनारी हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, देवस्थान चोवीस तास उघडं असतं, तिकीट नाही. क्योतो स्टेशनहून जेआर (जपान रेल्वे) नारा मार्गाने इनारी स्टेशन पाच मिनिटांवर आहे आणि मंदिराचं दार स्टेशनसमोरच आहे. गर्दी असते ती पायथ्याच्या पहिल्या कमानींत. डोंगर २३३ मीटरचा आहे. योत्सुत्सुजी या मधल्या चौकापर्यंत पोचलात की तीन चतुर्थांश लोक मागे पडलेले असतात. पूर्ण फेरीला दोन ते तीन तास लागतात. दुसऱ्या दिवशी पहाटे कियोमिझु-देरा हे बौद्ध मंदिर घ्या, ते सकाळी सहाला उघडतं, तिकीट ५०० येन. दोन्ही एकाच सकाळी उरकायचा हट्ट नको.

शिंतो देवळात आधी हात धुवायचे. पळीने डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची आणि पळी उभी धरून तिची दांडी धुवायची. पळीला ओठ लावायचे नाहीत, चूळ टाकीत टाकायची नाही. देवासमोर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवत नाहीत, नुसते हात जोडतात.

गिओनमधल्या खाजगी गल्ल्यांत फोटो काढायला बंदी आहे, फलकांवर १०,००० येन दंड लिहिलेला आहे. मोठ्या रस्त्यावरही गेइकोच्या (क्योतोत गेइशाला गेइको म्हणतात) वाटेत उभं राहून तिला थांबवू नका, ती कामावर निघालेली असते. निशिकी बाजारात खायला खूप मिळतं, पण चालता चालता खाऊ नये. ज्या दुकानातून घेतलंत त्याच्यासमोर उभं राहून संपवा आणि काडी-कागद त्याच दुकानदाराला परत द्या. रस्त्यावर कचरापेट्या जवळपास नाहीतच, म्हणून खिशात एक पिशवी असू द्या.

शहर बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि पुढच्या दाराने उतरताना २३० येन द्यायचे. मोठ्या बॅगा घेऊन बसमध्ये चढू नका. शिनकानसेन या बुलेट ट्रेनमध्ये लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटीमीटरपेक्षा जास्त असलेल्या बॅगेसाठी डब्यातल्या सर्वात मागच्या रांगेतल्या जागेचं आरक्षण लागतं. ते तिकिटासोबत फुकट मिळतं. न करता चढलात तर १,००० येन दंड. त्याहून सोपं म्हणजे हॉटेलच्या काउंटरवरून बॅग कुरिअरने पुढच्या हॉटेलला पाठवा. टोकियोहून क्योतोला बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पोचते, म्हणून एका रात्रीचे कपडे जवळ ठेवा.

खरेदीबद्दल एक तारीख लक्षात ठेवा. सध्या एका दुकानात एका दिवसात कराआधी ५,००० येनची खरेदी केली की पासपोर्ट दाखवून दहा टक्के उपभोग कर जागीच वजा होतो. १ नोव्हेंबर २०२६ पासून दुकानात पूर्ण रक्कम भरायची आणि विमानतळावर वस्तू तपासून कर परत मिळणार. त्यानंतर जाणाऱ्यांनी विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचावं, आणि घेतलेल्या वस्तू बॅगेच्या तळाशी न टाकता वरच ठेवाव्यात.